पुन्हा एकदा पहिलीत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषणासाठी उभे राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर मंडळात मी तोंड उघडले ते चकलीची भाजणी आणि भोंडल्याची खिरापत यांपुरतेच. शिक्षण म्हणाल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी. त्यामुळे चिटणीसबाईंनी ‘यंदा तुम्हीही बोला’ असे सांगितले तेव्हा मी आधी हसले आणि मग दोन रात्री मला झोप आली नाही. शेवटी ठरवले की जे घरात पाहिले तेच सांगावे. न पाहिलेले सांगायला गेले तर मध्येच अडखळेन आणि तुम्ही हसाल.

विषय आमच्या घरचा आहे, पण केवळ आमचाच आहे असे मला वाटत नाही. आपल्या या घाटकोपरात पूर्वी कुणी गिरणीत, कुणी बेस्टमध्ये, कुणी सरकारी कचेरीत कामाला असे. आता दोन घरांआड एक माणूस कॉम्प्युटरवर काम करणारा निघतो. सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून मेट्रोच्या जिन्याकडे धावतात ती माणसे आपल्याच घरची. त्यांचा पगार आपल्याला कळतो, सुटी कळते, डबा परत आला की भाजी आवडली की नाही तेही कळते. पण दिवसभर ते तिथे काय करतात, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? मला तरी चोवीस वर्षे ठाऊक नव्हते.

बोलण्यापूर्वी मी ह्यांना विचारले. म्हणाले, “सांग. कंपनीचे नाव तेवढे घेऊ नकोस, आणि मला पुढच्या रांगेत बसवू नकोस.” तेव्हा ते आज घरीच आहेत. भात त्यांनी लावायचा आहे.

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. ह्यांच्या ऑफिसने चार नवे अभ्यासक्रम पुरे करायला सांगितले होते. घरी बसून, लॅपटॉपवर पाहून, शेवटी परीक्षा द्यायची. त्यासाठी रविवारची सकाळ ठरली. मी मुलीला ताकीद दिली, टीव्ही बंद ठेवला, कुकरसुद्धा उशिरा लावला. चहा घेऊन गेले तर पडद्यावर एक बाई शिकवता शिकवता थांबलेली, तोंड अर्धे उघडे. ‘थांबवून विचार करीत असतील’ असे मला वाटले. पुढच्या रविवारी चहा घेऊन गेले तर तीच बाई, तेच अर्धे उघडे तोंड. मी सहज म्हणाले, “अहो, ह्या बाईंचे तोंड गेल्या रविवारीही असेच उघडे होते.” हे हसले. पण त्यांचे हसणे लगेच ओसरले आणि ते नुसते पडद्याकडे बघत बसले. दोन तास बसले. काही केले नाही.

मला राग आला, हे मी कबूल करते. कारण मी ह्यांचे जुने दिवस पाहिलेले आहेत.

२००१ साली आमचे लग्न झाले. ह्यांनी बी.एस्सी. करून दादरला कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता आणि सीप्झमध्ये नोकरीला लागले होते. (सीप्झ हे १९७३ साली सुरू झाले. नावात सांताक्रूझ आहे आणि जागा मात्र अंधेरीला. लग्नानंतर माझे काका ह्यांना भेटायला निघाले, ते सांताक्रूझला उतरून तासभर फिरत होते.) तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता. हे दोनशे पानी वहीत पेन्सिलीने प्रोग्राम लिहीत आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तो मशीनमध्ये घालीत. फोर्टमधल्या फुटपाथवरून जुनी जाडजूड पुस्तके आणीत. घाटकोपर ते अंधेरी तेव्हा बसने सव्वा तास, गर्दीच्या वेळी दीड. ती पुस्तके बसमध्येच वाचून झाली. २०१४ च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाली आणि तेच अंतर काही मिनिटांवर आले. पण मेट्रोत वाचणे कसले, उभे राहायला जागा मिळाली तरी नवस फेडावा!

रात्री अकरा वाजता हा माणूस मला उठवून सांगे, “अगं, झाले! चालले!” काय चालले ते मला कळत नसे. मी ‘बरं झालं’ म्हणून कूस बदलत असे. आता त्या ‘बरं झालं’ची मला लाज वाटते.

असा हा माणूस एका बाईचे अर्धे उघडे तोंड बघत पंधरा दिवस घालवतो, याचा अर्थ मी माझ्या बुद्धीप्रमाणे लावला. म्हटले, पगार पुरेसा झाला, पोट सुटले, आता आळस आला. आणि तसे बोलूनही दाखवले. ‘पलीकडच्या इमारतीतले ते बघा, पन्नाशीला आले तरी परीक्षा देताहेत.’ ‘मुलगी बारावीला आहे.’ ‘घराचा हप्ता अजून नऊ वर्षे आहे.’ ही सगळी वाक्ये खरीच होती, आणि ती रोज बोलून मी त्यांचा जप केला.

जुलैच्या अखेरीस पेपरात बातमी आली. टी.सी.एस. ही आपल्या मुंबईचीच, १९६८ साली सुरू झालेली आणि या धंद्यात देशातली सर्वांत मोठी कंपनी. तिने जाहीर केले की एकूण माणसांपैकी शंभरांतले दोन, म्हणजे सुमारे बारा हजार, कमी करणार. आणि त्यांत मधल्या व वरच्या पायऱ्यांवरचे लोक अधिक असतील. आमच्या ह्यांची कंपनी ती नव्हे. पण मी ती बातमी कात्रीने कापली आणि सकाळी ह्यांच्या चहाच्या बशीखाली ठेवली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट सांगायची नाही असे मी ठरवले होते. पण ती गाळून बाकीचे सांगितले तर तुम्ही मला शहाणी समजाल.

ह्यांनी कात्रण वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि चहा न घेता गेले. रात्री साडेदहा वाजले तरी पत्ता नाही. फोन उचलेनात. अकराला आले. घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनात एका कडेला दोन तास नुसते थांबून राहिले होते. जेवताना म्हणाले, “नोकरी जाईल ही भीती मला नाही असे तुला वाटते का? आहे. पण भीतीनेसुद्धा हात हलत नाहीत, त्याला मी काय करू?”

मी गप्प राहिले. आणि मला माझे आबा आठवले.

आता थोडे मागे जाते. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. आमच्या भागातले कितीतरी पुरुष मुंबईच्या गिरण्यांत असत. आबा लालबागला साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली संप सुरू झाला. साठेक गिरण्या आणि अडीच लाखांच्या घरात कामगार. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या पुढे कशाबशा काही सुरू झाल्या, काही नाहीत, आणि हजारो माणसे परत कामावर गेलीच नाहीत. मी तेव्हा पाळण्यात होते. वर्षभराने आबा आम्हाला घेऊन गावी आले. गावची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल नदीपलीकडे; पावसाळ्यात साकव पाण्याखाली जाई. मुलग्यांना मामांकडे ठेवून शिकवले, आम्ही बहिणी घरी राहिलो. म्हणजे माझी सातवी ही त्या संपाचीच सातवी, असे मी कधीकधी म्हणते.

आबा गावी आले आणि सोप्यात बसले. शेती दीड एकर, तीही भाऊबंदांत. कुणाचे नवे धोतर, नवे लुगडे दिसले की त्याचा काठ दोन बोटांत धरून ते सूत कसले हे सांगत. बाकी बोलत नसत. आम्हा मुलांना वाटे, आबा रागीट आहेत. लोक म्हणत, आळशी आहेत.

मला वाटे, आबांना दुसरे काही शिकवायला कुणी आलेच नाही. कुणी पुस्तक पुढे केले असते, हाताला धरले असते, तर ते उठले असते. आणि इथे माझ्या घरात शिकवणाऱ्यांचा पूर आलेला! ऑफिस शिकवते, फोन शिकवतो, फुकट शिकवतात, रात्री-अपरात्री शिकवतात. तरी ह्यांचे मन उठत नाही. म्हणून मला राग अधिक.

पण त्या रात्री भांडी घासताना एक विसरलेली गोष्ट आठवली. मी नऊ-दहा वर्षांची असताना गावातल्या एकाने आबांना इचलकरंजीला यंत्रमागावर नेले होते. काम मिळाले होते. पगार बरा होता. आबा महिनाभरात परत आले. आई दोन दिवस रडत होती. तिने विचारले तेव्हा आबा एवढेच म्हणाले, “साचा येतोय की मला चालवाया. पर विशीतल्या पोरानं हात धरून मला शिकवायचं, ते न्हाय जमलं.”

शिकवणारा आला होता तर! आबांना शिकण्याचा कंटाळा नव्हता. सतरा वर्षे साचा चालवून पुन्हा पहिलीच्या वर्गात पाटी घेऊन बसणे त्यांना जमले नव्हते. चाळीस वर्षे मी त्यांच्या नावावर दुसराच गुन्हा लिहून ठेवला होता. आबा आज नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना जन्मात पहिल्यांदा विचारले, “तुम्ही आजवर काय काय शिकलात ते मला सांगा. मला कळेल असे सांगा.”

ते सांगायला त्यांना तीन रात्री लागल्या. थोडक्यात असे. पहिल्याने ते व्हिज्युअल बेसिक नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकले. तिची सहावी आवृत्ती १९९८ साली आली होती. तिच्यात त्यांनी कारखान्यांच्या हजेरीचे, पगाराचे, गोदामाचे हिशेब बांधले. ते ‘झाले, चालले’ म्हणत ते हेच. मग २००२ साली त्याच मूळ कंपनीने डॉट नेट म्हणून नवे काढले, आणि २००८ च्या एप्रिलमध्ये जुन्या भाषेची देखभाल बंद केली. हे डॉट नेट शिकले. मग कारखान्यांनी म्हटले, आम्हाला सगळे तयारच मिळते, तुमचे बांधलेले नको. तेव्हा हे वेबसाइटचे काम शिकले. मग क्लाउड आले. क्लाउड म्हणजे ढग; पण आपला हिशेब ढगात नसतो, दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या कोठारात भाड्याने ठेवलेला असतो, एवढे मला समजले. तेही शिकले. आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले. साध्या बोलीत सांगितले की ते स्वतःच प्रोग्राम लिहून देते. आता त्याच्याकडून काम करून घ्यायला शिका, असे हे चार नवे अभ्यासक्रम.

मी म्हटले, “आमचेही तसेच की. पाटा गेला, मिक्सर आला. चूल गेली, गॅस आला. आम्ही कुठे रुसलो?”

तर म्हणाले, “पाटा गेला तरी चटणीत मीठ किती ते तुझ्याच हातात राहिले. माझ्याकडे दर सहा-सात वर्षांनी मिठाचेच नाव बदलते. आणि बावीस वर्षांचा मुलगा येऊन मला विचारतो, सर, तुम्हाला मीठ माहीत नाही?”

आणखी एक सांगितले, ते मला फार लागले. कोबोल नावाची एक भाषा १९५९-६० साली तयार झाली, तिच्यावर कित्येक बँकांचे हिशेब अजून चालतात. ती जाणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना अजून विचारतात. म्हणाले, “मेहनत मी त्यांच्याइतकीच केली. पण माझी म्हातारी लवकर वारली.”

मग मला कळले की त्या रविवारी हे आळसाने बसले नव्हते. चार वेळा मन लावून शिकलेले चार वेळा टाकून द्यावे लागले. पाचव्या वेळी मन विचारते, हे तरी किती दिवसांचे? त्याला उत्तर देता आले नाही की मन खाली बसते. आणि वरून बायको पेपरातले कात्रण आणून ठेवते!

पुढे काय केले ते सांगते. एखादा रामबाण उपाय निघाला असेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

पहिले म्हणजे डॉक्टर. माझ्या एका मैत्रिणीच्या भावाला अशाच सुस्तीत पुढे मोठे औदासिन्य आले होते, म्हणून मी धरून नेले. रक्त तपासले, बी-१२ बरेच कमी निघाले. अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्री बाराला संपणाऱ्या मीटिंगा, त्यामुळे झोप पाच तास. डॉक्टरांनी इंजेक्शने दिली, झोपेवरून दटावले आणि सांगितले की मन पंधरा-पंधरा दिवस असेच राहिले, जेवणखाण, बोलणेचालणे नकोसे झाले, तर मनाच्या डॉक्टरांकडे जायला लाजू नका. सरकारची ‘टेलिमानस’ म्हणून फोनची सोय आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. मी तो नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. आमच्याकडे तो लागला नाही, पण तुम्ही लिहून घ्या.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची आहे. ऑगस्टमध्ये मुलीच्या भरीस पडून मी दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता येते, त्याचा हा फॉर्म. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. भावाने तो गावच्या शाळेतून काढून आणला. दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. त्यात लिहिले होते : ‘पुढील वर्ग नाही.’ हे तो कागद हातात घेऊन बराच वेळ उभे होते. काही बोलले नाहीत.

तेव्हापासून रविवारी सकाळी मीही त्याच टेबलाशी बसू लागले. एका बाजूला त्यांचा लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला माझे बीजगणित. कुणी कुणाला विचारायचे नाही, असा आमचा करार होता. मी पंचेचाळीस मिनिटांत एक उदाहरण सोडवी आणि तेही चुकवी. मुलगी तपासायला आली की माझे कान लाल होत. सोळा वर्षांच्या पोरीने ‘आई, अगं हे तर सहावीतले आहे’ म्हटले की कसे वाटते ते मला तेव्हा कळले. आबांना इचलकरंजीत काय वाटले असेल आणि ह्यांना ऑफिसात काय वाटत असेल, ते मी त्या बीजगणितात शिकले. गणित अजून कच्चेच आहे.

तरी ह्यांची बाई काही पुढे बोलेना. ती बोलली ती आपल्या मंडळामुळे, म्हणूनच मी आज ही गोष्ट इथे सांगते आहे.

नवरात्रात आपल्या बचत गटाच्या हिशेबात तीनशे चाळीस रुपयांचा घोळ निघाला होता, आठवते ना? खजिनदारबाई तीन वह्या घेऊन आमच्याकडे आल्या. मी नव्हते. दोन तासांनी येऊन पाहते तो टेबलावर वह्या पसरलेल्या, हे पेन्सिल कानाला लावून बसलेले आणि खजिनदारबाई चहा त्यांचा त्यांनीच करून घेत आहेत. घोळ सापडला होता. ऑगस्टचा एक भरणा दोनदा चढला होता. हे म्हणाले, “हे हाताने किती दिवस कराल? मी फोनवर चालेल असे काही करून देतो.”

आणि त्यासाठी त्यांनी त्या नव्या यंत्राला कामाला लावले. त्याला सांगितले की बावीस बायका, महिन्याची बचत इतकी, कर्ज, व्याज, हप्ता असा हिशेब लिहून दे. दहा मिनिटांत त्याने लिहून दिले. दिसायला फार सुरेख. मी म्हटले, “झाले की मग!” हे म्हणाले, “थांब.” आणि जुनी दोनशे पानी वही काढली.

आपल्या गटात दहा हजारांचे कर्ज घेतले, महिना हजाराचा हप्ता आणि शेकडा दोन व्याज धरले, तर व्याज उरलेल्या मुद्दलावर घेतो. पहिल्या महिन्याला दोनशे, दुसऱ्या महिन्याला मुद्दल नऊ हजार उरले म्हणून एकशे ऐंशी, असे उतरत दहा महिन्यांत अकराशे रुपये होतात. यंत्राने दर महिन्याला पूर्ण दहा हजारांवर दोनशे धरले होते. दहा महिन्यांचे दोन हजार! म्हणजे तळमजल्यावरच्या मावशींनी शिलाई मशीनसाठी कर्ज घेतले आहे, त्यांच्या खिशातून नऊशे रुपये जादा गेले असते, आणि सगळे इतके नीटनेटके दिसत होते की कुणाला संशयही आला नसता.

ही चूक सापडली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. हे आतून ओरडले, “अगं, इकडे ये! सापडले!”

मी कणकेच्या हाताने धावले. या वेळी ‘बरं झालं’ म्हटले नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हटले, समजावून सांगा. त्यांनी सांगितले. आणि मला कळले, कारण टक्केवारी माझी नुकतीच झाली होती.

त्यानंतर चार दिवस ते रोज संध्याकाळी त्याच्यावर बसले. नवव्या सदस्येने हप्ता अर्धाच भरला तर? कुणी मधल्या महिन्यात गट सोडला तर? दोन बायकांचे नाव एकच असले तर? असे प्रश्न ते यंत्राला विचारीत आणि त्याची चूक धरीत. मी विचारले, “हे एवढे सगळे तुम्हाला सुचते कसे?” म्हणाले, “कारखान्यांच्या पगाराचे हिशेब बांधले त्या वेळी हे सगळे होऊन गेलेले आहे. तिथे एका कामगाराचे सात रुपये चुकले होते, तर तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला होता.”

भाषेचे नाव बदलले होते. पण हिशेब कुठे चुकतो हे ओळखणारा त्यांचा डोळा गेलेला नव्हता. तो जुन्या पुस्तकांबरोबर रद्दीत गेला असे त्यांना वाटत होते, आणि मलाही. शिवाय दारात खजिनदारबाई रोज विचारायला येत, ‘भाऊजी, झाले का?’ ऑफिसात ह्यांच्या कामाची वाट पाहणारा माणूस त्यांना कधी दिसतच नाही. काम इथे करायचे, ते वापरणारा सात समुद्रांपलीकडे. गेल्या दहा वर्षांत त्यांच्या टेबलाशी सात रुपये मागायला कुणी आले नव्हते.

असो. मंडळाचा हिशेब बसला म्हणून ऑफिसचे प्रश्न सुटले असे नाही. ऑक्टोबरात त्यांचे चालू काम संपले आणि सहा आठवडे ते बेंचवर होते. बेंच म्हणजे पगार चालू पण काम नाही, नवे मिळेपर्यंत थांबायचे. फार दिवस झाले की मग नोकरीवर येते. आमच्या शाळेत चुकले की बाकावर उभे करीत, यांच्याकडे बसवतात, शिक्षा तीच. यंदा पगारवाढ नाही. चार अभ्यासक्रमांपैकी दोन पुरे झाले; एक मनापासून आणि एक कसाबसा. ती अर्ध्या तोंडाची बाई त्या कसाबसा झालेल्यातली. साहेबांशी मात्र ते स्वतःहून बोलले की नवी मुले यंत्राकडून लिहून घेतात ते तपासण्याचे काम मला द्या. डिसेंबरपासून तसे काम थोडे मिळाले आहे. ते टिकेल का, याची हमी कुणी दिलेली नाही.

आम्ही दोघांनी बसून घरखर्च कागदावर मांडला आणि सहा महिने पुरेल एवढी रक्कम बाजूला काढली. सोन्याची एक पाटली मोडली, ती माझ्या खुशीने. दिवाळीत मी फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, बावीस किलो चकली गेली. तेवढ्याने हप्ता फिटत नाही, पण ह्यांच्या पाठीवरचे ओझे बोटभर तरी हलके झाले असे त्यांनीच सांगितले.

आणि तरीही काही रविवार असे येतात की लॅपटॉप उघडतो आणि पडदा तसाच राहतो. पूर्वी मी अशा वेळी चहा आदळून ठेवीत असे. आता समोर बसून माझे उदाहरण सोडवते. कधी ते उठतात आणि म्हणतात, “आज नाही होत.” मग आम्ही दोघे भाजीला जातो. मागच्या रविवारी गेलो तेव्हा वाटेत मावशी भेटल्या. त्यांनी ह्यांना थांबवून विचारले, “भाऊजी, माझे या महिन्याचे व्याज एकशे चाळीस दाखवतेय, बरोबर ना?” ह्यांनी रस्त्यातच बोटांवर मोजले. सात हजार उरलेले, शेकडा दोन. “बरोबर,” म्हणाले. आणि घरी आल्यावर, मी काही न सांगता, तासभर बसले.

माझी परीक्षा आता महिन्यावर आली आहे. भूमिती अजून हातात बसलेली नाही. कुणाला वेळ असेल तर संध्याकाळी या, बरोबर बसू. सातवीवाल्या आपल्यात आणखी दोघी आहेत, हे मला माहीत आहे, नावे घेत नाही. चिटणीसबाई मघापासून घड्याळ दाखवीत आहेत आणि घरी भाताचे काय झाले असेल देव जाणे. मी बसते.